ऑफिसचं बिल आणि पोर्टफोलिओतला धूर

गुंतवणूक व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीचं पर्यावरण धोरण उघडलं की पहिल्या पानावर हमखास तीन गोष्टी सापडतात: कागदी कप बंद, एलईडी दिवे, आणि पाच जूनच्या वृक्षारोपणाचा फोटो. यात वाईट काहीच नाही, फक्त प्रमाण बघावं. पणजीत पाटोवरचं एखादं मध्यम ऑफिस महिन्याला दोन हजार युनिट वीज वापरतं असं धरू. वर्षाचे २४,००० युनिट, म्हणजे जवळपास साडेसतरा टन कार्बन डायऑक्साइड. आता त्याच ऑफिसमधून सांभाळल्या जाणाऱ्या पैशांतले चार कोटी एका सिमेंट कंपनीत आहेत असं धरा. कंपनीचं भांडवल आणि कर्ज मिळून मूल्य २०,००० कोटी आणि वर्षाचं उत्सर्जन ५० लाख टन असेल, तर त्या चार कोटींच्या वाट्याला एक हजार टन येतात. एका कंपनीतल्या गुंतवणुकीचे हजार, अख्ख्या ऑफिसचे साडेसतरा.

तरीही आमच्याकडे सुरुवात ऑफिसपासूनच होते आणि नव्या ॲनालिस्टच्या हातात आधी तेच काम पडतं. स्वतःचं वीज बिल, डिझेल आणि एसीचा गॅस मोजताना आकडा कुठे कुठे वाकवता येतो ते कळतं. मग दुसऱ्याच्या वार्षिक अहवालातला वाकवलेला आकडा ओळखायला वेळ लागत नाही. इथलं सगळं पीएमएसच्या (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, क्लायंटचे शेअर त्याच्याच नावावर ठेवून सांभाळण्याच्या), म्हणजे पन्नास लाखांच्या किमान मर्यादेच्या धंद्यातलं आहे. म्युच्युअल फंडांचे नियम काही ठिकाणी वेगळे आणि जास्त कडक आहेत.

ऑफिस

वीज खात्याचं मासिक बिल हा आधार, पण बारा बिलांची बेरीज म्हणजे आर्थिक वर्ष नव्हे. रीडिंग महिन्याच्या मधल्या कुठल्यातरी तारखेला होतं आणि मीटरपर्यंत माणूस पोचला नाही तर सरासरीवर बिल येतं. म्हणून ३१ मार्चला मीटरचा फोटो काढून ठेवायचा. दोन वर्षांच्या फोटोंतला फरक हाच वापर, बिलं फक्त ताळा करायला. बिल केव्हीएएचमध्ये (किलोव्होल्ट-अँपिअर-तास) येत असेल तर त्याला पॉवर फॅक्टरने गुणून मगच किलोवॉट-तास धरायचे, नाहीतर आकडा फुगतो.

गुणायचा घटक केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सीओटू बेसलाइन डेटाबेसमधून घ्यायचा. २०२२-२३ साठी तो युनिटमागे ०.७१६ किलो होता, २०२३-२४ साठी ०.७२७. घटक देशभर एकच, कारण २०१३ च्या अखेरीस दक्षिण ग्रिड जोडली गेल्यापासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे. ‘गोव्यात कोळशावरचं मोठं वीज केंद्र नाही, मग आमची वीज स्वच्छ’ हा युक्तिवाद इथे वरचेवर ऐकू येतो. राज्याला वीज येते ती कोरबा, विंध्याचल, रामागुंडम अशा केंद्रांतून, आणि ती कोळशाचीच आहेत. धूर आपल्या हद्दीत निघत नाही, एवढाच फरक.

पाटोसारख्या भागात ऑफिस बहुधा भाड्याचं असतं. लिफ्ट, जिने, पंप आणि जनरेटर यांचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात रुपयांत येतो. रुपयांवरून लिटर काढण्यापेक्षा व्यवस्थापकाकडे डिझेलची लॉगबुक मागावी. ती असतेच, फक्त कुणी मागत नाही. चौरस मीटरच्या प्रमाणात आपला वाटा काढायचा आणि लिटरमागे २.६८ किलो धरायचं. जून-जुलैत वीज जास्त जाते, तेव्हा वर्षाचं निम्मं डिझेल त्या दोन महिन्यांत जळालेलं दिसलं तर दचकू नये. नियंत्रण आपल्या हातात नाही म्हणून सामायिक जनरेटर मोजायचाच नाही, असाही एक पक्ष आहे. मोजावा, फक्त वेगळ्या ओळीत.

सगळ्यात जास्त चुकतं ते एसीच्या गॅसमध्ये. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत बाहेरच्या युनिटची कॉइल लवकर सडते, बारीक गळती सुरू होते आणि दर उन्हाळ्यात ‘गॅस टॉप-अप’ होतो. सर्व्हिसवाल्याच्या पावतीवर लिहिलेलं असतं ‘गॅस फिलिंग’, पुढे रक्कम. वजन कुठेच नाही. आर-४१० ए या गॅसचा एक किलो हवेत गेला तर तो २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरतात. अर्धा किलो टॉप-अप म्हणजे एक टनाच्या वर, जवळपास १,४०० युनिट विजेइतका. उपाय साधा आहे. मेकॅनिकच्या सिलिंडरचं वजन भरण्याआधी आणि भरल्यानंतर काट्यावर घ्यायचं, फरक पावतीवर लिहून घ्यायचा, त्याखाली गॅसचं नाव. गॅसचं नाव एसीच्या बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर असतं. आर-३२ असेल तर गुणक ६७५. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असेल तर तो माँट्रियल करारातला वायू, त्यामुळे जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायू मोजण्याच्या मानकाप्रमाणे तो स्कोपच्या, म्हणजे उत्सर्जनाच्या तीन ठरलेल्या गटांच्या, बाहेर वेगळा दाखवायचा (स्कोप १ स्वतः जाळलेलं इंधन आणि गळलेला गॅस, २ विकत घेतलेली वीज, ३ बाकी सगळं). आणि टॉप-अप करण्याआधी गळती शोधायला लावायची. नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करायला वेळ जातो म्हणून मेकॅनिक ती टाळतो. सर्व्हिसच्या करारात ती अटच घालावी.

प्रवासाचं फार लांबवत नाही. मुंबईला मीटिंगसाठी विमानाने जाणं म्हणजे एका बाजूचे साधारण ४३० किलोमीटर, आणि घटक कुठला घेता त्यावर माणशी पन्नास ते शंभर किलो. कुठलाही घटक घ्या, पण दरवर्षी तोच ठेवा. यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या आणि जुने लॅपटॉप भंगारवाल्याला न देता अधिकृत रिसायकलरला द्यायचे आणि पावती ठेवायची. बॅटरीचे नियम २०२२ चे आहेत, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

छतावर सोलर लावावं का, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. भाड्याच्या जागेत छत आपलं नसतं, आणि घरगुती योजनेचं अनुदान ऑफिसला लागू नाही. स्वतःची इमारत असेल तर एका किलोवॉटला दहा चौरस मीटर मोकळी जागा आणि वर्षाला १,३०० ते १,५०० युनिट असा अंदाज धरावा, जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच खाली येतं हे गृहीत धरून. सांगाड्याचं गॅल्व्हनायझिंग इथे जपून निवडावं लागतं. कापलेल्या टोकांना आणि बोल्टांना पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

पोर्टफोलिओ

गुंतवणुकीच्या वाट्याचं उत्सर्जन जीएचजी प्रोटोकॉलमध्ये स्कोप ३ च्या पंधराव्या प्रकारात येतं. मोजायची पद्धत पीसीएएफ या वित्तसंस्थांच्या गटाने २०२० मध्ये दिली आणि २०२२ मध्ये सुधारली. सूत्र एका ओळीचं: आपली गुंतवणूक भागिले कंपनीचं ईव्हीआयसी, गुणिले कंपनीचं उत्सर्जन. ईव्हीआयसी म्हणजे साध्या आणि प्रेफरन्स शेअरचं बाजारमूल्य, अधिक पुस्तकी कर्ज, अधिक मायनॉरिटी इंटरेस्ट (उपकंपन्यांतला इतरांचा वाटा). रोकड वजा करायची नाही. डेटा विकणाऱ्या सेवांत ‘एंटरप्राइज व्हॅल्यू’ म्हणून जो आकडा मिळतो त्यातून रोकड वजा केलेली असते. तो उचलला की रोकड भरपूर असलेल्या आयटी कंपनीचा छेद लहान होतो आणि आपल्या वाट्याचं उत्सर्जन उगाच वाढतं.

तारीख एकच ठेवायची. होल्डिंग ३१ मार्चचं, भाव ३१ मार्चचा, कर्ज त्याच ताळेबंदातलं, उत्सर्जन त्याच आर्थिक वर्षाचं. वार्षिक अहवाल यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो, म्हणून हा हिशेब कायम मागच्या वर्षाचा असतो. घाईने आजचं होल्डिंग आणि मागच्या मार्चचं मूल्य एकत्र केलं तर वाढत्या बाजारात आपला वाटा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, आणि पडत्या बाजारात लहान.

आता फसवी गोष्ट. वरच्या उदाहरणातलं सिमेंट कंपनीचं मूल्य फक्त शेअरचा भाव चढून २०,००० वरून २५,००० कोटी झालं आणि आपले चार कोटी पाच झाले, तर आपला वाटा तेवढाच राहतो: ०.०२ टक्के, हजार टन. पण ‘गुंतवलेल्या कोटीमागे टन’ हा आकडा २५० वरून २०० वर येतो. भट्टी तीच, कोळसा तोच, आणि सादरीकरणात मात्र वीस टक्के घट. तेजीच्या वर्षात छापलेले असे आलेख आम्ही क्लायंटला दाखवत नाही. एकूण टन दाखवतो आणि शेजारी उत्पन्नावर आधारलेली भारित सरासरी तीव्रता, म्हणजे प्रत्येक कंपनीचे कोटी रुपये उत्पन्नामागचे टन, पोर्टफोलिओतल्या वजनाने गुणून.

दुसरी फसवणूक बँकांची. आपल्याकडच्या बहुतेक पोर्टफोलिओंत बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था) यांचं वजन मोठं असतं. बँकेचा स्कोप १ आणि २ म्हणजे शाखांची वीज आणि जनरेटर, किरकोळ. तिने औष्णिक केंद्राला दिलेलं कर्ज त्यात नसतं. एक सिमेंट शेअर विकून तोच पैसा बँकेत टाकला की पोर्टफोलिओ कागदावर एका दिवसात हिरवा होतो. म्हणून वित्तीय कंपन्या तक्त्यात खाली वेगळ्या ठेवतो, आणि ‘यांचा खरा भार इथे दिसत नाही’ अशी ओळ त्याच पानावर असते, तळटीपेत नाही.

प्रत्येक आकड्याला पीसीएएफचा दर्जांक लावायचा. तपासलेला आकडा असेल तर १, कंपनीने दिलेला पण न तपासलेला २, उत्पादनावरून आपण काढलेला ३, उत्पन्नावरून ४, निव्वळ क्षेत्राच्या सरासरीवरून ५. छोट्या कंपन्या धरल्या तर ४ आणि ५ ची गर्दी होते. ती लपवू नये.

बीआरएसआर वाचताना

शेअर बाजाराच्या नियामक सेबीने मे २०२१ मध्ये आणलेला बीआरएसआर, म्हणजे कंपनीचा जबाबदारी आणि शाश्वततेचा वार्षिक अहवाल, २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना सक्तीचा आहे. त्यातलं नऊपैकी सहावं तत्त्व पर्यावरणाचं. त्यातल्याच निवडक आकड्यांचा बीआरएसआर कोअर २०२३ मध्ये आला: २०२३-२४ ला पहिल्या १५० कंपन्या, मग २५०, मग ५००, मग हजार, अशी चढती अट, बाहेरच्या तपासणीसह. २०२५ मध्ये ॲश्युरन्सच्या जोडीला असेसमेंटचा पर्याय आला, तेव्हा अहवालाच्या शेवटी जोडलेलं पत्र नेमकं कशाचं आहे ते वाचूनच १ चा दर्जांक द्यावा.

पहिला रकाना बघायचा तो विभाग अ मधल्या रिपोर्टिंग बाउंड्रीचा: स्टँडअलोन (फक्त मूळ कंपनी) की कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह). भट्ट्या उपकंपनीत, अहवाल मूळ कंपनीपुरता, आणि आपण ईव्हीआयसी घेतला कन्सॉलिडेटेड, असं झालं की अंश लहान, छेद मोठा आणि कंपनी आदर्श. हे फार वेळा दिसतं. अशा वेळी उपकंपनीचे आकडे मागवायचे, न मिळाले तर उत्पादनावरून काढून दर्जांक ३ लावायचा.

मग तत्त्व सहामधला ऊर्जेचा तक्ता आणि उत्सर्जनाचा तक्ता शेजारी ठेवायचे. यात एक ताळा आहे जो कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतो. ऊर्जा बहुधा गिगाज्यूलमध्ये असते. एक मेगावॉट-तास म्हणजे ३.६ गिगाज्यूल, म्हणून ०.७२७ ला ३.६ ने भागलं की गिगाज्यूलमागे साधारण ०.२ टन येतात. अनवीकरणीय स्रोतांतून विकत घेतलेल्या विजेचे गिगाज्यूल गुणिले ०.२, हे स्कोप २ च्या जवळपास यायला हवं. भागाकार ०.२३ च्या आसपास आला तर कंपनी युनिटमागे ०.८२ किलोचा जुना घटक अजून वापरते आहे. ०.०५ आला तर एककाचा घोळ आहे, किंवा हरित प्रमाणपत्रं वजा करून आकडा दिला आहे आणि तसं लिहिलेलं नाही.

स्कोप १ ला तसाच ताळा इंधनाचा. कोळशाला गिगाज्यूलमागे ०.०९५ टनांच्या आसपास, डिझेलला ०.०७४, नैसर्गिक वायूला ०.०५६. एकूण भागाकार या पट्ट्याबाहेर गेला तर कारण शोधायचं. सिमेंटमध्ये तो वर जाणारच, कारण चुनखडी भाजतानाच टन क्लिंकरमागे (सिमेंट ज्यापासून दळतात तो भाजलेला माल) अर्ध्या टनाहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याचा इंधनाशी संबंध नाही. सिमेंट कंपनीचा भागाकार नुसत्या कोळशाइतका आला, तर उलट तीच शंकेची जागा: भाजण्यातलं उत्सर्जन धरलंय का? साखर कारखान्यात तो खूप खाली येतो, कारण उसाच्या चिपाडाचं उत्सर्जन वेगळं दाखवतात. ही दोन कारणं माहीत नसलेला नवा ॲनालिस्ट सिमेंटवाल्याला खोटं आणि साखरवाल्याला साधू ठरवतो.

‘रुपयामागे उत्सर्जन’ या रकान्यावर विसंबू नये. पोलादाचा भाव चढला की भट्टीला हात न लावता तीव्रता उतरते. टन पोलादामागे, टन सिमेंटमागे किती, हा रकाना बघावा. तो रिकामा असेल तर उत्पादन वार्षिक अहवालाच्या पुढच्या भागात सापडतं, आपण भागून घ्यायचं. मागच्या वर्षाचा आकडा यंदाच्या अहवालात बदललेला असेल तर जुन्या अहवालाशी पडताळून फरक लिहून ठेवायचा. सुधारणा होतात, त्यात गैर नाही. आधारवर्ष गुपचूप वर सरकवलं की मात्र घट आपोआप तयार होते.

शेवटचा रकाना, ज्यावर गोव्यात बसलेल्या माणसाची नजर आपसूक जाते: पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात कामं आहेत का? अभयारण्य, पाणथळ जागा, सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र), जंगल. कितीतरी कंपन्या इथे ‘लागू नाही’ लिहून मोकळ्या होतात. कारखान्याचा पत्ता नकाशावर टाकून बघायला काही लागत नाही.

कागद अहवालाबाहेरचे

गोव्याच्या खाणींनी गुंतवणूकदारांना जे शिकवलं ते कुठल्याही ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) रेटिंगमध्ये आधी उमटलं नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की लीज २००७ मध्येच संपल्या होत्या. वर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायला लावली. सरकारने पुन्हा नूतनीकरण केलेल्या ८८ लीज ७ फेब्रुवारी २०१८ ला रद्द झाल्या आणि १५ मार्चनंतर खोदकाम बंद पडलं. ताळेबंदात साठे होते, बार्ज होत्या, माणसं होती, परवानेही होते. त्या परवान्यांच्या तारखा आणि अटी कायद्यापुढे टिकतात का, हे तपासणं हेच खरं काम होतं.

म्हणून खाण, सिमेंट, वीज आणि बंदरं यांतल्या प्रत्येक कंपनीसाठी आम्ही एक वेगळी फाइल ठेवतो. तिच्यात लीज कधी संपते, जवळच्या अभयारण्याची हद्द किती दूर, आणि पर्यावरण दाखल्याचं पत्र. दाखला पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळतो. दाखलाधारकाला १ जून आणि १ डिसेंबरला सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो कंटाळवाणा असतो, पण त्यातलं उत्पादन आणि वार्षिक अहवालातलं उत्पादन जुळवून बघावं. दाखल्यातल्या मर्यादेपेक्षा वार्षिक अहवालातला आकडा मोठा निघाला तर बाकी काही वाचायची गरज उरत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत फॉर्म ५ मधलं पर्यावरण विवरण जातं. तेही मागून बघावं.

पायाभूत कामं घेणाऱ्या कंपन्यांना हा तपास लागू नाही असं समजतात, कारण दाखला सरकारी खात्याच्या नावावर असतो. कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाला दिलेली वन्यजीव मंडळाची मान्यता सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. अशा कामाची ऑर्डर ज्याच्या ऑर्डरबुकमध्ये असते, त्याचं उत्पन्नही तिथेच अडकतं. मोठ्या ऑर्डरी जंगलातून किंवा खाडीतून जातात का, हे तिमाही कॉलवर विचारता येतं.

क्लायंटचं ‘हे नको’

पीएमएसमध्ये शेअर क्लायंटच्या स्वतःच्या डीमॅटमध्ये असतात, त्यामुळे ‘कोळसा नको’, ‘खाण नको’ अशी अट करारात घालता येते. अट लिहिताना शब्द नेमके हवेत. ‘कोळसा’ म्हणजे खाणकाम, औष्णिक वीज, की बंदरावर कोळसा उतरवणंही? मुरगावचा कोळसा ज्यांच्या खिडकीवर येऊन बसतो त्यांना तिसरंही अभिप्रेत असतं. उत्पन्नाच्या किती टक्क्यांपासून अट लागू, तेही लिहावं, कारण पोलाद कंपनीचं स्वतःचं वीज केंद्र असतंच.

दुसरं, अट आजपासून लागू की आधीच्या शेअरनाही? आधीचे विकले तर कर क्लायंटच्या डोक्यावर पडतो, फंडातल्यासारखा आतल्या आत राहत नाही. जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलं तर २० टक्के, नंतर विकलं तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. बहुतेकांना आम्ही नवी खरेदी लगेच बंद आणि जुने शेअर टप्प्याने, एप्रिलच्या दोन्ही बाजूंना वाटून, असं सुचवतो.

आणि अशा पोर्टफोलिओला ‘ग्रीन’ नाव देत नाही. म्युच्युअल फंडाला ईएसजी नाव लावायचं तर सेबीच्या २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे किमान ८० टक्के पैसा त्या धोरणात लागतो. पीएमएसला तशी अट नाही, म्हणून शब्दाला धरबंध आपणच घालायचा.

मतदान

स्टुअर्डशिपची, म्हणजे गुंतवलेल्या कंपनीवर लक्ष ठेवून मत देण्याची, सेबीची संहिता १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंड आणि एआयएफ (पर्यायी गुंतवणूक फंड) यांना बंधनकारक आहे. पीएमएसवर ती लादलेली नाही. पण ती वापरली नाही तर वरचं सगळं वाचन फाइलमध्येच राहतं.

अडचण आधी कागदाची. शेअर क्लायंटच्या नावावर, म्हणून मतही त्याचं. करारातल्या पॉवर ऑफ ॲटर्नीत मतदानाचा स्पष्ट उल्लेख हवा. ब्रोकरला दिलेला डीडीपीआय (शेअर वळते करण्यासारख्या कामांचं अधिकारपत्र) इथे चालत नाही, त्यात मतदान येत नाही. कंपनी किंवा ट्रस्ट क्लायंट असेल तर ठरावाची स्कॅन प्रत ई-व्होटिंग पोर्टलवर आधी चढवावी लागते. ती नसेल तर दिलेलं मत बाद धरलं जाऊ शकतं.

मग तारखा. नोटीस सभेच्या २१ दिवस आधी येते. मताचा हक्क ठरवणारी कट-ऑफ तारीख सभेआधीच्या सात दिवसांतली असते, तिच्यानंतर घेतलेल्या शेअरना मत नाही. ई-व्होटिंग किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. कस्टोडियनमार्फत (शेअर सांभाळणारी संस्था) मत जात असेल तर त्याची वेळ त्याहून आधी संपते, आणि ती नोटिशीत लिहिलेली नसते, विचारून घ्यावी लागते. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपन्यांच्या सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात रोज चार-पाच नोटिसा. नेमकी त्याच सुमाराला चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गोव्यात त्या आठवड्यात ऑफिसात कोण असणार! सूचना चवथीच्या आधीच्या शुक्रवारी पोचवून ठेवणं हाच मार्ग.

भागधारकांनी स्वतः हवामानाचा ठराव आणायचा तर कंपनी कायद्याच्या कलम १११ प्रमाणे एक दशांश मताधिकार लागतो. आमच्या आकाराच्या कोणालाही ते जमणारं नाही, म्हणून हत्यार दोनच: प्रश्न आणि विरोधी मत.

प्रश्न सभेत विचारायला मिळणारी दोन मिनिटं बहुतेक आभार मानण्यात जातात. त्यापेक्षा नोटीस आल्याबरोबर कंपनी सेक्रेटरींना लेखी पाठवावा, एका पत्रात एकच विषय, पान क्रमांकासह. ‘आपण हवामान बदलाकडे कसे बघता?’ याला उत्तर म्हणून एक सुंदर परिच्छेद मिळतो. ‘पान अमुकवर विकत घेतलेली वीज इतके गिगाज्यूल आहे आणि स्कोप २ इतका, भागाकार ०.०५ येतो, वापरलेला घटक कोणता?’ याला एक तर आकडा येतो, नाहीतर काहीच येत नाही. दोन्हींतून कळतं.

सलग दोन वर्षं उत्तर आलं नाही तर पाळीने निवृत्त होऊन पुन्हा उभ्या राहणाऱ्या संचालकांत शाश्वततेच्या समितीवरचा कोण आहे ते बघतो आणि त्याच्या फेरनियुक्तीविरुद्ध मत देतो. कारण दोन ओळींत लिहून सेक्रेटरींना पाठवतो, मत देण्याआधी. निकाल दोन कामकाजी दिवसांत एक्स्चेंजवर येतो. प्रवर्तकांकडे बहुमत असेल तर ठराव मंजूर होणारच, तेव्हा एकूण टक्केवारी बघण्यात अर्थ नाही. पीएमएसची मतं क्लायंटच्या नावाने पडत असल्याने वैयक्तिक क्लायंटची ती बिगरसंस्थात्मक रकान्यात गेलेली असतात. त्याच्या वरचा संस्थांचा रकाना बघायचा: तिथे विरोध दिसला तर फंडांनाही तोच रकाना खटकलेला असण्याची शक्यता असते. मग त्यांनी जाहीर केलेली मतं आणि कारणं त्यांच्या संकेतस्थळांवरून काढायची आणि पुढच्या वर्षीचं पत्र त्यांचा आधार घेऊन लिहायचं.